पाऊण तास आधी

खाडीकडच्या बांधाला भगदाड पडलं ते अमावस्येच्या उधाणात, आणि ते सगळ्यात आधी कळलं सासूबाईंना. सकाळी तोंड धुवायला त्या बाहेर आल्या, तर साठवणीच्या तळ्यात मासे उड्या मारत होते. "चला, आज बाजारात जायला नको," असं त्या म्हणाल्या आणि मग तोंड न धुताच पायरीवर खाली बसल्या.

नऊ पावलांचं भगदाड होतं. तळ्यात पाणी घ्यायची आणि सोडायची जी लाकडी झडप होती, तिला सगळे उघाडी म्हणत. तिच्या तळाचे दगड आधी निखळले, मग शेजारची माती बसली आणि पाण्याने वाट करून घेतली. तळ्याचं एवढं काही नव्हतं, त्यात खाडीचंच पाणी असतं. पण तळ्यामागे आतला बांध, गुडघ्याला जेमतेम लागेल एवढा, आणि त्या बांधामागे मिठाचे वाफे. वाफ्यांत मीठ धरायला लागलं होतं. अजून वीस-बावीस दिवस उन्हं मिळाली की ओढून काढायचं. त्यात खाडी शिरली असती तर वर्षाचं मीठ जाणारच, पण वाफ्यांची तुडवून तुडवून दगडासारखी केलेली जमीनही विरघळणार, आणि ती पुन्हा धरायला दोन वर्षं लागतात. दोन वर्षं काय खायचं, या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो कुणी विचारलाही नाही.

पुढचं उधाण पौर्णिमेचं. आणि वर्षातलं सगळ्यात मोठं तेच असणार, हे मामंजींनी त्याच सकाळी सांगून टाकलं. मामंजी म्हणजे सासरे. खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांना भरतीवाले म्हणत. घड्याळ न बघता, नुसतं रात्रीचा चंद्र आठवून ते भरतीची वेळ सांगत, आणि ती मिनिटाला मिनिट जुळत आली होती, इतकी की हल्ली कुणी घड्याळ लावून बघतही नसे. बंदरातली वेळ चंद्रावरून काढायची, तिच्यात दीड तास मिळवायचा, कारण खाडीच्या तोंडापासून वाकणं घेत घेत इथवर यायला पाण्याला दीड तास लागतो. झाला हिशेब. शेजारच्या मिठागराचा मालक, उंचीमुळे ज्याला सगळे शिडी म्हणत, तो होडी सोडण्याआधी मामंजींना विचारून येई. लोक विचारायला आले की मामंजी थोडा वेळ मुद्दाम गप्प बसत. तेवढा मान त्यांनी आयुष्यात कमावला होता आणि तो ते हक्काने घेत.

"भांगाचे सहा-सात दिवस मिळतील," ते म्हणाले. "पाणी वर चढायचं नाही. तेवढ्यात बांध पूर्वीच्या उंचीला आणायचा. वर एक बोट नको."

सून तेव्हा चिखलात उभी होती. तिला राहवलं नाही. "मामंजी, थोडा जास्त घेऊ या का? पाणी हल्ली चढतंय असं मला वाटतं."

मामंजींनी तिच्याकडे न बघता खाडीकडे बोट दाखवलं. ओहोटीने मधोमध चिखलाचा एक उंचवटा उघडा पडला होता. "साठ वर्षांत हा उंचवटा मी उघडा बघितला नव्हता. दोन वर्षं झाली, दर उधाणाच्या ओहोटीला दिसतो. समुद्र मागे हटतोय. आणि तू म्हणतेस चढतोय."

शिडी हसला. बोलावलेले दोघे माती कापणारेही हसले. सुनेने फावडं उचललं.

पण ती हट्टी होती. हट्ट तिने माहेरून आणला होता आणि सासरी तो सांभाळून ठेवला होता. माहेर खाडीच्या तोंडाशी. तिथे भरती आणि ओहोटी यांत छातीएवढा फरक, इथे चांगला दोन पुरुष. लग्न होऊन आली तेव्हा ती हे बघून घाबरलीच होती. तेव्हा मामंजींनीच तिला बांधावर बसवून समजावलं होतं, की तोंड रुंद आणि पोट अरुंद, मग तेच पाणी दाटीवाटीने वर चढतं. चंद्र ओढतो, सूर्यही थोडा ओढतो. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत ओढतात म्हणून उधाण. चंद्र अर्धा असला की आडवेतिडवे ओढतात म्हणून भांग. आणि रोज भरती पन्नास मिनिटं उशिरा, कारण आपण एक फेरी मारेपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो. किती छान समजावलं होतं त्यांनी! मुलगा त्यांचा अबोल, त्याने कधी काही विचारलं नाही. सुनेने विचारलं, म्हणून ते भरभरून बोलले होते. तेच मामंजी आता चार लोकांत तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते, याचं तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

तिने काठ्या घेतल्या. मनगटाएवढ्या जाड, वीत-वीत अंतरावर खाचा पाडलेल्या सहा काठ्या तिने बांधाच्या कडेला ठोकल्या. प्रत्येक भरतीला पाणी कुठवर आलं तिथे चिंधी बांधायची आणि नवऱ्याच्या जुन्या घड्याळात वेळ बघायची. घड्याळाचा पट्टा तुटला होता म्हणून ते दोरीने कमरेला बांधलं. मामंजी वेळ सांगत आणि ती मुकाट्याने दोन्ही वेळा मनात ठेवी, त्यांची आणि घड्याळाची. शिडीने तिचं नाव काडीमास्तरीण ठेवलं. सासूबाईंनी त्याला ऐकवलं, की तू स्वतःच एक काठी आहेस, खाचा पाडायच्या तेवढ्या राहिल्यात. पण घरात आल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "मोज, पण त्यांच्यासमोर नको."

काम सुरू होतं. तळ्याच्या मागच्या अंगाला चिकट काळी माती कापायची, विटेएवढे नाही तर उशीएवढे गोळे करायचे, आणि हातोहात भगदाडापर्यंत पोचवायचे. एक गोळा पोटाशी धरला की घाम आणि खारं पाणी एकत्र होऊन कातडी सोलवटे. नवऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या. त्यात मीठ जाई आणि तो तोंड वाकडं न करता पुढचा गोळा घेई. सुनेच्या पायाच्या अंगठ्याचं नख तिसऱ्या दिवशी निघालं. तिने ते बघितलं, फडकं बांधलं, पुन्हा उतरली. दुपारी सगळे बांधाच्या सावलीत बसत आणि कुणी कुणाशी बोलत नसे, कारण बोलायलाही तोंड उघडावं लागतं.

मधे एकदा तिचा भाऊ होडी घेऊन आला. तो खाडीच्या तोंडाशी तर, म्हणजे माणसं पलीकडे न्यायची होडी, चालवतो. त्याने सहज सांगितलं, की तिकडे गाळ काढायचं जहाज अजून उभंच आहे, दोन वर्षं झाली, तळ इतका खोल केलाय की मोठी जहाजं आत येतात, आणि मधल्या दोन वाकणांचं तर नाकच कापून टाकलंय.

सुनेच्या हातातला गोळा खाली पडला.

तिने संध्याकाळी नवऱ्याला एकटं गाठलं. "अहो, पाण्याला आता वाटेत अडायला काही उरलं नाही. ते सरळ येतं, लवकर येतं आणि जास्त येतं. तो उंचवटा उघडा पडतो ना, तो समुद्र हटला म्हणून नाही. झोपाळा जितका मागे जातो तितकाच पुढे येतो की नाही? तसं आहे. ओहोटी खाली गेलीय, तशी भरती वर गेलीय."

तो बराच वेळ पायाचा चिखल खरवडत राहिला. "बाबांना कोण सांगणार?" एवढंच म्हणाला.

सांगितलं पाण्यानेच. मोठ्या उधाणाला पाच दिवस राहिले होते. भगदाड बरंचसं भरलं होतं. उघाडीच्या तळाचे दगड तेवढे बसवायचे होते, आणि ते काम पूर्ण ओहोटीलाच होतं. सकाळची ओहोटी. मामंजी स्वतः खाली उतरले. दगड कसा टेकवायचा हे त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. नऊ वाजेपर्यंत पाण्याची चिंता नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सुनेने घड्याळ बघितलं, आठ वाजून दहा मिनिटं. मग खाडीकडे बघितलं. पलीकडच्या काठाला बांधलेल्या होड्यांची तोंडं फिरली होती.

"मामंजी, वर या," ती म्हणाली. "पाणी फिरलंय."

"नऊला," ते खालून म्हणाले.

"होड्या बघा."

"वाऱ्याने फिरल्या असतील. तू माती दे."

तिने माती दिली. हे तिला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं, की आपण माती दिली. सव्वाआठला पहिली लाट उघाडीच्या उंबऱ्यावरून आत आली, आधी नुसती ओली रेघ, मग घोट्याएवढी, मग एकदम मांडीएवढी. ओल्या मातीचे बसवलेले गोळे साखरेसारखे सुटायला लागले. मामंजींनी पाय काढायला बघितला तर चिखलाने धरून ठेवलेला. ते ओरडले नाहीत. दोन्ही हात फक्त वर केले, कुणी उचलून घ्यावं म्हणून लहान मूल करतं तसे. मुलाने उडी टाकली, शिडीने वरून दोर टाकला. मामंजी बांधावर आले तेव्हा त्यांचं धोतरही खाली राहिलं होतं. माती कापणारे दोघे दुसरीकडे बघत राहिले. सुनेने आपल्या डोक्याचं फडकं सोडून त्यांच्या मांडीवर टाकलं, आणि तीही दुसरीकडे बघायला लागली. तासाभरात चार दिवसांचं काम खाडीने नेलं.

मामंजी घरी आले, अंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवले नाहीत. सासूबाई ताट घेऊन तीनदा गेल्या आणि तीनदा परत आल्या.

ओसरीवर बाकीचे जमले. माती कापणारे म्हणाले, बांध आता होत नाही. शिडीचं मिठागर मागे लागूनच होतं. इथलं बुडालं तर त्याचंही बुडणार, म्हणून त्याचंही हसू गेलं होतं. सुनेने सगळ्या चिंध्यांचा हिशेब मांडला. पाणी पाऊण तास आधी येतंय आणि पूर्वीपेक्षा वीतभर जास्त चढतंय. म्हणजे भगदाड भरून भागणार नाही, दोनशे पावलांचा अख्खा बांध वीतभर उचलायला हवा. भगदाड पुन्हा भरण्यातच चार दिवस जातील, वर तिथे ओहोटीपुरतंच काम होतं, म्हणजे तो पाच दिवसांत उचलला जाणार नाही.

"मग?" शिडी म्हणाला.

"मग तो सोडायचा," ती म्हणाली. "भगदाड उघडंच ठेवायचं. पाण्याला तळ्यात येऊ दे आणि जाऊ दे. बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी असलं की बांध फुटत नाही, तो उभा राहील. भांगात पुन्हा धरू. आपण आतला बांध उचलायचा. तो एकशेतीस पावलं आहे. कंबरेपर्यंत न्यायचा."

खाडीकडचा बांध उघडा टाकणं म्हणजे मिठागरवाल्याने स्वतःच्या घराचं छप्पर स्वतः काढणं. मामंजींच्या आजोबांनी तो बांधला होता. सगळ्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. भिंतीकडे तोंड केलेली पाठ हलली नाही.

तेव्हा नवरा बोलला. लग्नानंतर त्याने एका दमात एवढं बोललेलं तिने ऐकलं नव्हतं. "बाबा, तुमचा चंद्र बरोबर आहे. खाडी बदलली. त्यात तुमचं काही चुकलं नाही. मी उद्या आतला बांध धरतोय. तुम्ही नाही म्हणालात तरी धरतोय." आणि स्वतःच घाबरून तो पाणी प्यायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे आतल्या बांधावर होते. शिडीने आपल्या घरची चार माणसं आणली. सासूबाईसुद्धा उतरल्या. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून त्या बसल्या बसल्या सरकत माती थापटत आणि एकेकाला नावं ठेवत. दिवसातून दोनदा तळ्यात पाणी भरून येई, आणि दर भरतीला ते आदल्या भरतीपेक्षा बोटभर वर. बांध आणि पाणी अशी शर्यतच लागली. सून भरतीची वेळ आधी सांगे, तेवढ्यापुरतं काम थांबे, आणि तिची वेळ चुकत नसे. मामंजी कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आले. रांगेच्या शेवटाला उभे राहिले आणि गोळे द्यायला लागले. ज्या माणसाने चाळीस वर्षं रांगेला हुकूम सोडले, तो रांगेच्या शेवटी उभा होता. सुनेने ते बघितलं आणि पुढचा गोळा घेतला. बोलली असती तर ते निघून गेले असते.

पौर्णिमा गेली. दुसऱ्या दिवशीचं उधाण सगळ्यात मोठं, हे तर खाडीवर सगळ्यांनाच ठाऊक. पहाटे सव्वापाचला पाणी आलं आणि आतल्या बांधाच्या माथ्याखाली चार बोटं थांबलं. थांबलं आणि फिरलं. शिडीच्या माणसांनी फावडी धुतली. आता संध्याकाळी पावणेसहाचं एकच उरलं, तेही फार तर बोटभर जास्त असेल, असं सुनेने सांगितलं. शिडीची माणसं घरी गेली. माती कापणारे झोपले. सुनेने पाच दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली.

दुपारी तिला कुणीतरी खांद्याला धरून हलवलं. मामंजी होते. उघाडीतल्या त्या सकाळनंतर ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"वारा बदललाय," ते म्हणाले. "आता खाडीच्या तोंडातून सरळ आत येतोय. संध्याकाळपर्यंत टिकणार. असा वारा पाणी ढकलून आणतो. तुझ्या काठ्यांवर वारा नाही."

ती उठून बसली. बाहेर वारा काही फार नव्हता. दोरीवरचे कपडे तेवढे उडत होते. तिच्या चिंध्या सांगत होत्या की चार बोटं शिल्लक आहेत. पाच दिवस त्या चुकल्या नव्हत्या, आणि हा माणूस चुकला होता, सगळ्यांसमोर चुकला होता. क्षणभर तिला वाटलं, आता कशाला ऐकायचं. मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांनी हे सांगायला यायला किती जीव एकवटला होता ते तिला दिसलं.

"किती ढकलेल?" तिने विचारलं.

"वीतभर. थोडं जास्तही."

"मातीला वेळ नाही आता."

"माती नको. फळ्या लागतील."

फळ्या कुठून आणायच्या? नवऱ्याने घराचं पुढचं दार बिजागऱ्यांतून उचललं आणि डोक्यावर घेतलं. मग मागचं दार. मग मोरीचं, खाटांच्या फळ्या, सासूबाईंचे पाट-चौरंग, सगळं. सासूबाई म्हणाल्या, आज आपल्याकडे चोराला यायला अगदी सोपं, पण त्याला न्यायला काही उरलं नाही. शिडीकडे निरोप गेला, आणि तोही आपली दोन दारं आणि मिठाच्या कोठाराच्या सगळ्या फळ्या घेऊन आला. बांधाच्या माथ्यावर फळ्या उभ्या करून मागून खुंट्या मारल्या, मातीने सांधे लिंपले. तीन पावलांची जागा उरली. तिथे लावायला काहीच नव्हतं, एक खाटेची फळी सोडून, आणि खुंट्याही संपल्या.

पाच वाजले. पाणी चार बोटांच्या खुणेला पोचलं आणि थांबलं नाही. माथ्याला लागलं. मग फळ्यांना लागलं. फळ्यांच्या फटींतून बारीक धारा सुटल्या, सासूबाई चिखलाचे बोळे कोंबत फिरल्या. उरलेल्या जागेवर ती फळी उभी करून नवरा पाठ टेकून बसला, त्याच्या शेजारी सून, आणि तिच्या शेजारी मामंजी. तिघांनी टाचा मातीत रोवल्या. फळीतून पाण्याचं वजन पाठीला लागत होतं, आधी हात ठेवल्यासारखं, मग कुणी रेटल्यासारखं. त्यांच्या समोर वाफे होते. कडेकडेला मीठ पांढरं धरलेलं दिसत होतं.

"किती वाजले?" मामंजींनी विचारलं.

"साडेपाच."

"फिरणार कधी?"

या माणसाला खाडीवर कुणी कधी हा प्रश्न दुसऱ्याला विचारताना ऐकलं नव्हतं. शिडी पलीकडच्या फळीला टेकून बसला होता. त्याने मान वळवून बघितलं.

"पावणेसहाला, मामंजी."

"वाऱ्यात पाच-दहा मिनिटं जास्त धर," ते म्हणाले. "पाय ढिले करू नका रे."

पावणेसहा वाजले. पाणी फळीच्या वरच्या काठाखाली दोन बोटांवर आलं होतं. मधूनच एखादी लाट वरून मानेवर येई. मामंजींच्या टाचा घसरायला लागल्या. सुनेने आपला खांदा त्यांच्या खांद्यामागे सरकवला. त्यांनी तो सरकवू दिला. पाच मिनिटं झाली. आठ झाली. नवरा दात आवळून आभाळाकडे बघत होता.

मग सासूबाई म्हणाल्या, "फळीवरची ओल बघा."

लाकडावर पाण्याच्या वर एक नखभर ओली पट्टी दिसत होती. थोड्या वेळाने ती बोटभर झाली. पाठीवरचं वजन लगेच गेलं नाही, सावकाश गेलं. तिघं तशीच बसून राहिली. पाणी माथ्याखाली उतरेपर्यंत कुणी उठायचं नाही, असं मामंजींनी बजावलं, आणि यावेळी सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं.

शिडी चिखल झटकत आला. पहाटेच्या भरतीला पुन्हा यावं लागणार हे त्याला ठाऊक होतं. सवयीने तो मामंजींसमोर उभा राहिला आणि उद्याची वेळ विचारली. मामंजी थोडा वेळ गप्प राहिले. नेहमी मुद्दाम राहत तसे नाही, दम लागला होता म्हणून.

"वेळ हिला विचार," ते म्हणाले.

सुनेने घड्याळ पुसलं. "सव्वासहा," ती म्हणाली. "पण येईल किती, ते मामंजी सांगतील. वारा मला कळत नाही. उद्या सकाळी, मामंजी, तुम्ही मला शिकवाल?"

मामंजी फळीला हात टेकून उठायला गेले, पण उठता आलं नाही. तिने हात पुढे केला. त्यांनी तो धरला.